हैलच्या किनाऱ्यावर आखलेलं घर

दाभोळ,
४ नोव्हेंबर २०२४

रामकृष्णभाऊ यांना अमीरुन्निसाचा सलाम.

मोहल्ल्यातला जुनैद परवा कामावर मस्कतला निघतोय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतेय. पिशवीत कोकमं आहेत, सोडे आहेत, आणि तुमच्या घरून कलावतीवहिनींनी दिलेलं मेतकूट आहे. ते त्या स्वतः फेरीबोटीने खाडी ओलांडून आणून देऊन गेल्या. तुमच्या धोपाव्याला सगळं क्षेम आहे.

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. घरातला चांगला फोन सून मुनिबाच्या हातात असतो. मी बोलायला लागले की ती स्पीकर लावते, आणि शेजारची खुदेजा दारातून हं हं करत ऐकते. हे मला कुणाला ऐकवायचं नाही.

ह्यांना मस्कतजवळ बरक्याला अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, बागेत गाडी चालवायला लागून एकतीस वर्षं झाली. डिसेंबरात कायमचं येणार म्हणून ठरलं होतं. आता म्हणतात, सहा महिने थांब. का, तर म्हणे काम आहे. भाऊ, दर सुट्टी संपली की ज्या माणसाचा पाय घरातून निघायचा नाही, तो आता ये म्हटलं तर थांब म्हणतोय. रागावले आहेत का, तर तसंही नाही. आवाज गोडच आहे. त्या गोडपणाचीच मला भीती वाटते.

तुम्ही त्यांचे जिवलग. एकदा बरक्याला जाऊन डोळ्यांनी बघून या आणि मला लिहा. खरं तेच लिहा.

तुमची बहीण,
अमीरुन्निसा


वादी अदाई, मस्कत,
१६ नोव्हेंबर २०२४

अमीरुन्निसाभाबी,

नमस्कार. सोडे पोहोचले आणि त्याच दिवशी संपले. आमच्या खोलीत सहा जण, त्यातले दोघे शाकाहारी. सोड्यांना हात न लावण्यात त्यांनी मोठाच उपकार केला.

बरक्याला जाऊन आलो. जाफर ठणठणीत आहे. चहा पाजला, शिव्या दिल्या. ‘रामा, तू शिंपी की पोलीस?’ म्हणाला. मी थेट विचारलं, घरी का जात नाहीस. तर गडी म्हणाला, ‘एकतीस वर्षं हे शहर गाडीतून बघितलं. काचेबाहेर पाय ठेवला नाही. जायच्या आधी एकदा चालून बघायचंय. तू येतोस?’

आता सांगा, ह्याला नाही कसं म्हणायचं? माझंही तेच झालंय. रुवीत सदतीस वर्षं अरबांचे पायघोळ झगे, दिशदाशे, शिवतोय. खोली, दुकान, दारसैतचं देऊळ, आणि पुन्हा खोली. म्हणून ठरवलं, थंडी आहे तोवर दर शुक्रवारी सकाळी निघायचं. तो बसने रुवीला येतो, तिथून आम्ही पायी.

काल पहिली फेरी झाली. पण काय सांगू भाबी, ह्या माणसाच्या अंगात अजून गाडीच आहे. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, चहाचं हॉटेल. मी म्हटलं, चल. तर म्हणतो, ‘इथून नाही वळता येत, पुढे राउंडअबाउट आहे.’ आणि निघाला की! मीही बावळटासारखा त्याच्या मागे. अर्धा मैल पुढे जाऊन, गोल फिरून, अर्धा मैल मागे आलो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘अरे जाफऱ्या, आपण गाडी नाही, माणसं आहोत! तिथे पादचारी पूल होता!’ दोघे चहा सांडेपर्यंत हसलो.

मग मत्रहचा किनारा धरला. मासळीबाजारापासून रियामच्या बागेपर्यंत. एका बाजूला काळे डोंगर, एका बाजूला समुद्र, मधे पांढऱ्या घरांची ओळ. रस्ता उतरताना तो माझं कोपर धरतो. म्हणतो, वय झालं. आणि प्रश्न फार विचारतो. हे दार कुठल्या रंगाचं, त्या पाटीवर काय लिहिलंय, ती होडी कशी आहे. दुकानांच्या पाट्यांवरून मी आपला आपण अरबी वाचायला शिकलो, त्याचा आता उपयोग झाला.

तेव्हा काळजी करू नका. म्हातारपणी हौस आलीय, एवढंच. ती पुरवून त्याला लावून देतो.

रामकृष्ण


दाभोळ,
२ डिसेंबर २०२४

रामकृष्णभाऊ,

पत्र पोहोचलं. राउंडअबाउटचं वाचून मी एकटीच पदर तोंडाला लावून हसले.

पण भाऊ, माझं समाधान नाही झालं. ह्या माणसाला चालायची हौस? मशीद आमच्या घरापासून हाकेवर आहे, तिथेही हे भावाची स्कूटर काढून जायचे. आणि व्हिडिओवर बोलताना हल्ली माझ्याकडे बघतच नाहीत. बघतात माझ्या कानाकडे. मी म्हटलं, ‘अहो, मी इथे आहे.’ तर म्हणाले, ‘नेट स्लो आहे.’ नेट स्लो असलं की माणूस तिरका बघतो का?

परवा चहाचा कप उचलताना आधी हाताने टेबल चाचपलं. मी बघितलं.

आजार असेल तर आजार सांगा. दुसरं काही असेल तर तेही सांगा. ह्या वयात मला काहीही सोसेल. माहीत नसणं तेवढं सोसत नाही.

अमीरुन्निसा


वादी अदाई,
२१ डिसेंबर २०२४

अमीरुन्निसाभाबी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. दुकानात कामाची गर्दी आहे.

आमच्या फेऱ्या चालू आहेत. रुवीच्या बाजारात एक शुक्रवार गेला. तिथे कापडाची दुकानं, घड्याळांची दुकानं, आणि मधेच एक केरळी बाई चाफ्याची रोपं विकायला बसते, हे मला सदतीस वर्षांत माहीत नव्हतं. काल जुन्या मस्कतला गेलो. राजवाड्यासमोरचा फरसबंदी रस्ता इतका स्वच्छ की चप्पल घालून चालायची लाज वाटावी. दोन डोंगरांवर दोन किल्ले, खाली इवलंसं बंदर. तिथे बसून आम्ही खजूर खाल्ले. समुद्राचा रंग आधी हिरवा होता, ऊन वर आल्यावर निळा झाला. मांजरं फार आहेत. एक तर जाफरच्या मांडीवर येऊन झोपलं.

जाफर ठीक आहे. तुमची आठवण काढतो.

रामकृष्ण


दाभोळ,
८ जानेवारी २०२५

रामकृष्णभाऊ,

मांजराचा रंग तेवढा लिहायचा राहिला.

तुमच्या पत्रात समुद्र आहे, किल्ले आहेत, चाफा आहे. माझ्या माणसाबद्दल एक ओळ आहे, आणि तीही तुम्ही दात आवळून लिहिलीत हे मला इथे कळतं. कलावतीवहिनींना पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘आमचे हे खोटं बोलले की फार वर्णन करतात.’

तुम्ही कुणाला शब्द दिला असेल तर तो तुमचा मान आहे. पण मीही ह्या घरात एकतीस वर्षं एकटीने काढलीत, ती कुणाच्या तरी शब्दावरच. आता सांगा.

अमीरुन्निसा


वादी अदाई,
१८ जानेवारी २०२५

अमीरुन्निसाभाबी,

तुमच्यापुढे हात टेकले. सांगतो. आज मी मित्राचा शब्द मोडतोय, तेव्हा त्याच्याकडे माझी रदबदली तुम्हालाच करावी लागेल.

जाफरच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. दोन्ही. मला कळलं ते डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी. आम्ही रियामहून येत होतो. पदपथ संपतो तिथे वीतभर उतार होता, तो त्याला दिसलाच नाही. सरळ पुढे पाय टाकला आणि गुडघ्यावर आला. मी उचलायला वाकलो तर म्हणाला, ‘हात लावू नको. कोण बघतंय का?’ कुणीच बघत नव्हतं. एक टॅक्सी हॉर्न वाजवून निघून गेली. ‘बघ,’ म्हणाला, ‘म्हणून मी इथे आहे.’

मग तिथेच कठड्यावर बसून सगळं बोलला. समोर, तेही मान जरा तिरकी धरली तर, बांगडीतून बघावं तेवढंच दिसतं. बाजूचं नाही, पायाखालचं नाही. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून जपायचं, असं डॉक्टर म्हणाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात बागेच्या फाटकाला गाडी घासली, तेव्हा त्याने स्वतःच चावी अर्बाबाच्या हातात ठेवली. अर्बाब म्हणजे हसनशेठ, भला माणूस. ‘खलास, गाडी बंद, तू बंद नाही,’ म्हणाला. आता जाफर फाटकाशी बसून हिशेबाचे फोन घेतो.

चालायची हौस ही अशी होती, भाबी. माझं कोपर धरून तो मस्कत बघत नव्हता. न बघता चालायला शिकत होता. ‘गावात पडलो तर सगळा मोहल्ला जमेल,’ म्हणाला. ‘जाफर आंधळा झाला म्हणतील, अमीर माझा हात धरून मला मशिदीला नेईल, आणि बायका खिडकीतून बघतील. एकतीस वर्षं तिने घर ओढलं. आता मलाही ओढायचं? जेव्हा मी एकटा माझ्या घरात शिरेन, एकटा विहिरीवर जाईन, तेव्हा येईन.’

आणि त्याने सगळं मोजून ठेवलंय. चालता चालता तोंडाने म्हणत असतो. ओट्याच्या तीन पायऱ्या, मग उंबरा, माजघर सात पावलं, डावीकडे खुंटी, मागच्या दारातून विहीर सतरा पावलं. नमाज पाठ असावी तसं त्याला घर पाठ आहे. मला म्हणाला, ‘शहरात कुठेही चालता आलं की झालं. घराची मला चिंता नाही, ते माझ्या पायांत आहे.’

बाईमाणसाला हे पत्राने कळावं, हे काही बरोबर नाही. पण तुम्ही विचारलंत आणि मला दुसऱ्यांदा समुद्र लिहिता येईना.

रामकृष्ण


दाभोळ,
२९ जानेवारी २०२५

रामकृष्णभाऊ,

तुमचं पत्र वाचलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसले. म्हणजे जिथे विहिरीचा काठ होता तिथे.

भाऊ, ते घर आता नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सांगितलं, छप्पर गळतंय, दुरुस्ती काढते. दुरुस्ती नव्हती. सगळं उतरवलं आणि नवं बांधलं. तेव्हापासून ते सुट्टीला आलेलेच नाहीत. स्लॅबचं, फरशीचं, आत संडास-न्हाणीचं. एकतीस वर्षं ते म्हणत होते, ‘एक दिवस येईन आणि तुला घर बांधून देईन.’ मला वाटलं, आपणच बांधून ठेवावं. त्यांनी कोपऱ्यावरून वळावं, समोर घर बघावं आणि कुणाचं हे, म्हणून विचारावं. एवढी एकच हौस केली मी. गावाला, कलावतीवहिनींना, जुनैदला, सगळ्यांना शपथ घातली. व्हिडिओवर बोलताना माझ्या मागे जुना निळा पडदा लावते, म्हणजे भिंत दिसू नये. मी पडदा लावून बसायची आणि ते तिरके बघत बसायचे. काय माणसं आम्ही दोघं!

आता ओटा नाही. विहिरीवर लोखंडी झाकण आहे आणि मधे मोरीची भिंत आली. त्या पाठ केलेल्या पावलांनी ते चालले तर सरळ भिंतीवर जातील.

दोन दिवस रडून झालं. तिसऱ्या दिवशी मुनिबाला बाजाराला पाठवलं, दाराला कडी घातली, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि घरभर चालले. तीनदा आपटले. चौथ्यांदा नाही. लिहून घ्या.

फाटकापासून दारापर्यंत अकरा पावलं, पाचव्याला फरशी लागते, पायाला गार कळते. पायऱ्या पाच, उजव्या हाताला कठडा. उंबरा नाही. बैठक नऊ पावलं लांब, सोफा डावीकडे. मग बोळ, चार पावलं. बोळात डाव्या हाताला आमची खोली, उजव्या हाताला स्वयंपाकघर. बोळ संपला की न्हाणी, तिच्या दाराशी बोटभर चढ आहे, तिथेच मी आपटले. मागचं दार स्वयंपाकघरातून. विहिरीला आता वळून जावं लागतं: सहा सरळ, मग डावीकडे आठ.

ही पावलं माझी आहेत, त्यांची थोडी मोठी. तुम्ही शिंपी, ते तुम्ही बघून घ्याल. माझं पाऊल सव्वा फुटाचं, कलावतीवहिनींनी टेपने मोजलं.

त्यांना हे तुम्हीच सांगा. मला फोनवर सांगता येणार नाही, स्पीकर असो वा नसो. आणि सांगा, मला ओढायचं नाही. मला सोबत पाहिजे.

अमीरुन्निसा


वादी अदाई,
१५ फेब्रुवारी २०२५

अमीरुन्निसाभाबी,

सांगितलं. आधी माझ्यावर भडकला. ‘शब्द मोडलास, धोपावेकरांवर विश्वास ठेवायची सोय नाही.’ मग पत्र वाचून दाखवलं. ओढणी बांधून तीनदा आपटलात, ते वाचल्यावर म्हणाला, ‘कुठे लागलं तिला? लिहिलंय का?’ मी म्हटलं, नाही लिहिलेलं. ‘परत बघ,’ म्हणाला. परत बघितलं.

तुमची पावलं मी फुटांत मांडली. पण कागदावरचं घर त्याला काय दिसणार? तेव्हा सुचलं, की अल हैलचा किनारा ओहोटीला सपाट असतो, वाळू ओली आणि घट्ट. कापडावर खडूने आखतो, तसं वाळूवर आखावं.

काल शुक्रवार. हसनशेठ स्वतः बरक्याहून गाडी घेऊन आले, जाफरला घेऊन. मी आधी पोहोचून टेप, दोरी आणि एक काठी घेऊन कामाला लागलो होतो. फाटक, पायऱ्या, बैठक, बोळ. पायऱ्यांच्या जागी पाच रेघा. न्हाणीच्या चढाला शंखशिंपल्यांची ओळ लावली, म्हणजे पायाला टोचेल. दीड तासात घर उभं राहिलं. म्हणजे आडवं राहिलं म्हणा.

जाफर फाटकात उभा राहिला आणि निघाला. पहिल्या वेळी सोफ्यावर चढला. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघराची भिंत पार करून गेला. मी ओरडलो, ‘अरे, भिंत पाडलीस!’ तर म्हणतो, ‘हलकी बांधलीय.’ चौथ्या वेळी बोळात बरोबर वळला. मधेच फुटबॉल खेळणारी दोघं-तिघं आमच्या बैठकीतून धावत गेली, तर जाफर अरबीत ओरडला, ‘घरात माणसं आहेत, दिसत नाही का?’ बिचारे माफी मागून फाटकातून बाहेर पडले.

हसनशेठ लांब उभे राहून बघत होते. विचारलं, हे काय चाललंय. जाफर म्हणाला, ‘अर्बाब, माझं घर आहे. बायकोने बांधलंय.’ शेठ पुढे आले. दाराच्या रेघेशी थांबले, सँडल काढून बाजूला ठेवले, ‘बिस्मिल्ला’ म्हणून आत आले आणि सोफ्याच्या जागी वाळूत बसले. म्हणाले, ‘मोठं घर आहे, जाफर.’

भाबी, मग जाफर रडला. मी काठीने उगीच भिंती सरळ करत बसलो.

भरती येईपर्यंत अकरा वेळा चालला. शेवटच्या तीन वेळा माझ्या कोपराशिवाय. पाणी आधी विहिरीला लागलं, मग स्वयंपाकघराला. तो बैठकीत उभाच. पाय भिजले तेव्हा म्हणाला, ‘तिकीट काढ. रमजान घरी.’

तिकीट काढलंय. सव्वीस फेब्रुवारी. कुणाला न सांगता येतोय, तेव्हा विमानतळावर गर्दी करू नका. जुनैदही सुट्टीवर निघालाय, तो दाभोळच्या नाक्यापर्यंत सोबत असेल. तिथून पुढे जाफर एकटा. ही त्याची अट आहे.

माझे शुक्रवार आता मोकळे झाले. बघतो काय करायचं ते.

रामकृष्ण


दाभोळ,
९ एप्रिल २०२५

रामकृष्णभाऊ,

ईद झाली, पाहुणे गेले, आता निवांत लिहितेय. फोनवर तुम्ही ‘पोहोचला का’ विचारलंत आणि मी ‘पोहोचले’ म्हटलं, त्यात काही आलं नाही.

त्या दिवशी मी फाटकात उभी राहणार नाही, असं ठरवलं होतं. दाराआड उभी राहिले. हे नाक्यावरून वळले. आले. खुदेजा, तिची सासू, समोरचे दोघं, सगळे आपापल्या ओट्यांवर. सलाम झाले. ‘घर कसं वाटतंय जाफरभाई?’ खुदेजाने विचारलं. हे थांबले, मान वर केली, तिरकी नाही, सरळ, आणि म्हणाले, ‘जसं सांगितलं होतं तसंच आहे.’ मग अकरा पावलं. मी आत मोजत होते. पाच पायऱ्या, कठड्याला हातसुद्धा लावला नाही. बैठकीत येऊन सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं. कुणाला काही कळलं नाही, भाऊ. मुनिबालाही नाही. माझ्याच हातून पाणी सांडलं, आणि सासूला आनंदाने भरून आलं म्हणून ती हसली.

चार दिवस असेच गेले. न्हाणीच्या चढावरूनही नीट. मला वाटलं, चला, गाठोडं बांधून ठेवलंय, ते असंच राहील. पाचव्या दिवशी संध्याकाळी मगरिबनंतर मशिदीच्या पायरीवर चारचौघं बसली होती. तिथे ह्यांनी स्वतःहून सांगितलं. ‘माझे डोळे गेलेत. समोर थोडं दिसतं, तेही राहणार नाही. वाटेत भेटलात तर आधी नाव सांगत जा.’ एवढंच, आणि उठून घरी आले. मी म्हटलं, ‘अहो, कुणाला कळत नव्हतं. मग सांगितलंत का?’ तर म्हणाले, ‘कळत नव्हतं म्हणूनच. पडल्यावर सांगावं लागलं असतं, तर ती गोष्ट त्यांची झाली असती.’

तेव्हापासून गावाला ऊत आलाय. जो तो हात धरायला धावतो. परवा एकाने त्यांना मशिदीला न्यायचं म्हणून ओढत मासळीबाजारात नेलं. हे घरी येऊन म्हणाले, ‘डोळसांचं काही खरं नाही.’

आणि एक सांगायचंय. कलावतीवहिनींनाही अजून बोलले नाही. काल दुपार कलल्यावर, असरनंतर, म्हणाले, ‘अमीर, चल, धक्क्यापर्यंत जाऊ.’ मी म्हटलं, काय आणायचंय? ‘काही नाही आणायचं,’ म्हणाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, भाऊ. त्यातली एकतीस ते तिकडे. इथे असतानाही आम्ही गावातून जोडीने कधी चाललो नाही, ते पुढे आणि मी दहा पावलं मागे. मी बुरखा घातला, चपला घातल्या, आणि दारात मला कळेना कुठल्या बाजूला उभं राहायचं. त्यांनी माझं कोपर धरलं. मी नाही धरलं त्यांचं. त्यांनी माझं.

खुदेजा खिडकीत होतीच. ‘कुठे निघालात दोघं?’

हे म्हणाले, ‘कुठेच नाही. फिरतोय.’

आणि आम्ही निघालो, भाऊ. अगदी सावकाश.

तुमची बहीण,
अमीरुन्निसा